घरच्यानं

सखाबाई आमच्या दवाखान्याच्या फाटकाशी मासे विकायले बसे. तोंडाची मोठी फटकळ. कोणी मासे चिवडले का म्हणे, "दाबून कायले पाहून राहिला? सोयरीक करतं का त्याच्याशी?" मी शकुनबाई, वार्डातली आया. दुपारचा चहा आम्ही दोघी मिळून पीत होतो. नवरा जिवंत होता तोवर तिनं लय मार खाल्ला, पण दवाखान्याची पायरी चढली नाही. हळद लावून शेकत बसे. हे तिनं मले हसत सांगितलं. मले काही हसू आलं नाही.

चार वर्षांमागं ती पायरी चढली, सुनेसाठी. रक्षाचा जबडा तुटला होता, लुगड्यावर रक्त. मारणारा सखाबाईच्याच पोटचा, लिलाधर. त्याच्या हातातली काठी हिसकून सुनेले ऑटोत घालून आणलं बाईनं.

डॉक्टरसाहेब कोल्हापूरकडचे, नवीन, मनानं चांगले. सासू दिसली तशी त्यांनी बाहेर काढली. सासूसमोर सून खरं बोलत नाही म्हणे, आणि ते काही खोटं नाही. मंग रक्षाले विचारलं, "कुणी मारलं?" आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेते का? तिनं कसाबसा एक शब्द काढला, "घरच्यानं." घरचा म्हणजे नवरा, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. साहेब लिहिता लिहिता मोठ्यानं बोलले, "घरच्यांनी मारहाण केली."

मी ट्रे धरून बाजूलेच उभी होती. सकाळीच "मधे बोलत जाऊ नका मावशी" म्हणून त्यांची बोलणी खाल्ली होती, तर मी फुगून गप्प राहिली. आग लागो माझ्या त्या फुगण्याले.

रक्षाचा जबडा तारेनं बांधला, बोलणं बंद. तिचा भाऊ भुपेंद्र तोच कागद घेऊन ठाण्यात गेला. घरच्यांनी म्हणजे कोणी? घरात नवरा आणि सासू, दोघंच. त्यानं दोघांचीही नावं दिली. सखाबाई तीन दिवस आत होती.

तोंड उघडल्यावर रक्षानं सांगितलं, सासूनं मारलं नाही, उलट वाचवलं. लिलाधरचा वकील कोर्टात म्हणाला, बाई बयान बदलून राहिली. दवाखान्याच्या कागदात नवऱ्याचं नाव कुठं आहे? डोळ्यानं पाहणारी एकटी सखाबाई, आणि तीच आरोपी म्हणून पोराच्या बाजूले उभी. मले तर कोणी साक्षीले बोलावलंच नाही. यंदा दोघंही सुटले. रक्षा आसगावले माहेरी गेली, ती तिथंच हाय.

गेल्या महिन्यात सखाबाई आली. टोपली नव्हती. उजवं मनगट सुजून वाकडं झालेलं.

"लिलाधरनं?" मी विचारलं.

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"चाल साहेबाकडं. आता मी सांगते, नावासकट."

मी तिचा दंड धरला, पण ती जागची हलली नाही.

"कागद नको करू शकुन," ती म्हणाली. "सुनेचा कागद केला तं मी आत गेली. माझा केला तं कोण जाईल, कोणाले मालूम? तू नुसती पट्टी बांधून दे."

लय समजावलं मी, हातापाया पडली. ती उठून चालायले लागली, तवा मी तिले बाकड्यावर बसवलं आणि पट्टी बांधून दिली. हाड तसंच वाकडं जुळणार, हे मले बांधतानाच दिसत होतं.