बुवांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या

माझ्या हाताला काचेची सवय लागली आठव्या वर्षी, आणि रागाची त्याच्याही आधी. आम्ही जवळा बाजारचे कासार. बाजारच्या दिवशी पारापाशी आमची बांगड्यांची पेटी लागायची, शेजारी तांबोळीचाचांचं पानाचं दुकान. कासाराला मऊ हात लागतो आणि थंड डोकं लागतं. हात मला देवानं दिला होता. डोक्याची वेळ आली तेव्हा तो कुठं गेला होता कोण जाणे.

सांगतो ते दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांतलं आहे. अंमल निजामाचा. उत्तरेकडून येणारा काचेचा माल आटला होता, त्यामुळं एक बांगडी फुटली की माझं तोंड सुटायचं. आता बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मीसुद्धा वाढली असंच म्हणायचो. पण ज्या आवाजात म्हणायचो, त्यानं समोरची बाई दचकून हात ओढायची आणि दुसरी वाढायची. मग मी तिच्या माहेरापर्यंत जायचो. "हात हाय का मुसळ," असं मी एका पाटलीणबाईंना भर बाजारात विचारलं आहे.

हे सगळं खपून गेलं. खपलं नाही ते बायकोच्या डोहाळजेवणाचं. सातव्या महिन्यात तिला हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. घरचाच कासार, मीच बसलो. तिचे हात सुजले होते, हाताला एक-एक कशीबशी चढली, पुढं माप बसेना. एक वाढली, दोन वाढल्या. गल्लीतल्या बायका ओटीचं सामान घेऊन बघत बसलेल्या. मला वाटलं सगळ्या मलाच हसून राहिल्या. तिसरी वाढली तशी मी बांगड्यांची अख्खी लड जमिनीवर आपटली. एक तुकडा उडून तिच्या मनगटात घुसला. ती रडली नाही. रक्त पदरानं दाबलं, माझ्याकडं बघितलं आणि उठून आत गेली. ते बघणं आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

ती बाळंतपणाला पुसेगावला माहेरी गेली. मुलगी झाली. बारसं झालं, मला निरोप नाही. आम्ही मूळ लावलं, म्हणजे तिला आणायला माझा चुलता गेला, तर सासूबाईंनी त्याला जेवूखाऊ घालून एकट्यालाच परत पाठवलं. निरोप असा होता, की जावईबापूंचा राग गेला म्हणजे कळवावं, तोवर लेक आणि नात आमच्याकडं सुखात आहेत. राग गेला हे कळवायचं कसं? रागात दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि फाडल्या.

शेवटी आईनं मला औंढ्याच्या वाटेवरच्या मठात नेलं. तिथले बुवा जाडजूड, पोटापर्यंत दाढी, बोलणं अगदी सावकाश. एक शब्द बोलून दुसरा शब्द शोधायला ते आत जायचे आणि बऱ्याच वेळानं घेऊन यायचे. त्यांनी मला माळ दिली आणि सव्वा लाख जप सांगितला. "सहा... महिने... लागतील," म्हणाले.

सहा महिने? लेकरू रांगायला लागेल तोवर. मी मनाशी हिशेब केला, की सव्वा लाखानं सबुरी येते, तर सव्वा लाख लवकर उरकले की सबुरीही लवकर येईल. मी चालत जपलो, जेवत जपलो. नाव लांब होतं, ते मी घासून घासून निम्म्यावर आणलं. आणि जपात कोणी मधे बोललं, की अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा शेजारची शेळी दारात ओरडली, तर मी माळेसकट तिच्या मागं नदीपर्यंत गेलो. "सबुरीचा जप करून राहिलो ना मी," असं मी शेळीला ओरडून सांगितलं. गावानं ऐकलं. तांबोळीचाचा पानाला चुना लावता लावता म्हणाले, "बेटा, तेरे सबर से तो तेरा गुस्सा अच्छा था रे."

एकविसाव्या दिवशी जप संपला आणि मी तावातावानं मठात गेलो.

"झाला सव्वा लाख," मी म्हणालो. "राग काही गेला न्हाई."

बुवांनी विचारलं, "एवढी घाई... काहून?"

"बायको आणायची हाय."

"धंदा... काय करतोस?"

मी सांगितलं. बुवांनी माळ परत घेतली, कफनीची बाही वर सारली आणि आपला उजवा हात माझ्यापुढं धरला. "भर."

मला वाटलं, थट्टा करून राहिले. पण बुवा थट्टा करायचे नाहीत, त्यांना तेवढा वेळच नसायचा. म्हणाले, एक बांगडी, एक नाव. बांगडी मनगटावर बसली की नाव पुरं. वाढली तर ते नाव मोजायचं नाही, पहिल्यापासून घ्यायचं. नाव तोंडात असताना दुसरं काही बोलायचं नाही.

बुवांचा हात बघायला पाहिजे होता तुम्ही. पंजा रुंद, अंगठ्याच्या बुडाशी लिंबाएवढी गाठ. मी पेटी आणली आणि बसलो. पहिल्या दिवशी आठ वाढल्या आणि एक बसली. प्रत्येक वेळी शिवी ओठापर्यंत यायची, आणि तिथं नाव अडकून बसलेलं असायचं. दोन्ही एकदम तोंडातून बाहेर येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी बुवांच्या दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या बांगड्या झाल्या.

घोटाळा त्यानंतर झाला. त्या निघेनात. तेल लावलं, साबण लावला, आई स्वतः दोन्ही पाय रोवून ओढायला बसली. मी म्हणालो, वाढवून टाकू. बुवा म्हणाले, "तू... सबुरीनं घातल्या. मी काहून... फोडू?" आणि ते तसेच हिंडायला लागले. कीर्तनाला उभे राहिले तेव्हा टाळापेक्षा बांगड्याच जास्त वाजायच्या. बाया मठात हळदीकुंकू घेऊन आल्या, त्यांना कळेना की बुवांच्या पाया पडावं का त्यांची ओटी भरावी. एका म्हातारीनं दोन्ही केलं. बुवांनी नारळ ठेवून घेतला.

मी बाजारात तीच रीत चालू ठेवली. बांगडीगणिक नाव. माझी पेटी म्हणजे आता देवळाची रांग झाली. बाया तेलाचे हात वर धरून ओळीनं बसायच्या, कोणाचं दळण खोळंबलं, कोणाची गाडी. "कवा होईल गं ह्याचं," असं एकमेकींना विचारायच्या. पण बांगड्या वाढेनात. तांबोळीचाचांची बायको यायची, ती मी पुटपुटायला लागलो की आपलं अल्लाचं नाव घ्यायची, आणि तिच्या हाताला सगळ्यात कमी वेळ लागायचा. मी चाचांना तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "घरमें तो बडी देर लगाती हर काम को."

बुवांची बातमी पुसेगावला पोचली. त्यानंतरच्या एका बाजारी, सकाळीच, माझ्यापुढं सासूबाई येऊन बसल्या. आदल्या दिवशी निघून, वाटेत मुक्काम करून बैलगाडीनं आल्या होत्या. बांबूच्या तट्ट्यानं झाकलेली गाडी लिंबाखाली सोडलेली होती.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमी म्हणं बुवाला बांगड्या भरल्या."

"व्हय."

"मग मला भरा. आज तुमी जावई न्हाई, कासार हायेत. दोन डझन. माप मी सांगते ते. एकपण वाढली, न्हाईतर तुमच्या तोंडून वाकडा सबुद निघाला, तर मी उठून गाडीत बसते. मग लेकीची वाट बघू नका."

माप त्यांनी सांगितलं ते लेकरांच्या हाताचं. आणि ही बाई कासाराची लेक, कासाराची बायको. पंजा कसा आवळला की कासार रडकुंडीला येतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. हात पुढं केला तो लाकडाचा केला होता. रांगेतल्या बाया सरसावून बसल्या. चाचांनी पान लावायचं थांबवलं.

मी नाव घेतलं. बोटं दाबली. त्यांनी आवळली. मी थांबलो. आवळून आवळून माणूस कधीतरी श्वास सोडतो, तेवढ्यात बांगडी अर्धं बोट सरकायची. पुन्हा नाव. दुपारपर्यंत अकरा झाल्या. सासूबाईंनी मधेच भाकरी मागवली आणि डाव्या हातानं खाल्ली, उजवा माझ्या हातात. मला कोणी विचारलं नाही, आणि मला मागता येईना, कारण नाव तोंडात होतं.

दुपारनंतर लिंबाखालच्या गाड्यांतून कुठूनतरी एक लेकरू रडायला लागलं. साधं नाही, बेंबीच्या देठापासून. थांबायचं आणि पुन्हा सुरू. माझ्या हातात एकोणिसावी, अर्धी गेलेली. माझ्या मनात आलं, कोणाचं कार्टं आहे हे, आणि ह्याच्या आईला अक्कल आहे का नाही. हे सगळं जिभेवर तयार होतं. मी वर बघितलं तर सासूबाई माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या. बांगड्यांकडं नाही, तोंडाकडं. मी ते सगळं गिळलं आणि नाव पुरं केलं. एकोणिसावी बसली.

तेविसावी बसली तेव्हा ऊन उतरलं होतं. चोविसावी हातात घेतली. मला खात्रीच वाटत होती, की आता ही जाणार, आणि बायको गेली ती गेलीच. लेकरू पुन्हा टिपेला गेलं. आणि सासूबाईंनी, ज्यांनी दिवसभर डोळा हलवला नव्हता, मान वळवली आणि आपल्या गाडीकडं ओरडल्या, "अगं गप कर ना त्या पोरीला, मस्तक उठलं माझं दुपारपासून," आणि दोन्ही मुठी पेटीवर आपटल्या.

तेवीसच्या तेवीस वाढल्या.

पेटीवर हिरव्या काचेचा सडा. सासूबाई आपल्या मनगटांकडं बघत राहिल्या. माझ्या हातात चोविसावी तशीच धरलेली, आणि नाव अर्धं. मी ते पुरं केलं. मग म्हणालो, "वाढल्या. असू द्या. पहिल्यापासून घेतो. हात द्या." आणि खरं सांगतो, मला राग आलाच नव्हता. मी आत शोधला, सापडला नाही. तो नाही म्हणून घाबरलो मी.

सासूबाईंनी हात दिला नाही. पदरानं तोंड पुसलं. "लेक माझ्याच पोटची हाय," त्या हळू म्हणाल्या, "तिला आयुष्यभर माझा राग सोसावा लागला. नवऱ्याचा पण सोसावा लागू नये, असं वाटत होतं मला." मग गाडीकडं वळून म्हणाल्या, "ये गं खाली."

तट्ट्या बाजूला झाला आणि माझी बायको लेकरू घेऊन उतरली. दुपारपासून माझ्या डोक्यात गेलेलं ते रडणं माझ्या लेकीचं होतं. जवळ आल्यावर लेक गप्प झाली आणि माझ्याकडं बघायला लागली. तिच्या नाकावर राग होता. तो कोणाकडून आला हे कोणी सांगायला नको होतं.

लेकरू आजीच्या मांडीवर देऊन बायको माझ्यापुढं बसली. तिच्या दोन्ही हातांत एक-एकच बांगडी, डोहाळजेवणाच्या दिवशी वाचलेल्या. बाप कासार, घरात बांगड्यांची पोती, आणि हिनं इतके महिने कोणालाच हात दिला नव्हता.

तिनं उजवा हात माझ्यापुढं धरला. मनगटावर तो व्रण होता, पांढरा, नखाएवढा. मी नाव घ्यायला गेलो आणि ते आठवेना. सव्वा लाख वेळा घेतलेलं नाव. बोटं दाबली, बांगडी घातली, ती वाढली. दुसरी घेतली, तीही वाढली. तिसरी माझ्या हातातच गेली. मला पुढचं दिसेना, डोळे भरले होते. मागं रांगेतल्या बाया उभ्या, बाजार उठत आलेला, बैल जुंपायची वेळ झालेली.

मी म्हणालो, "उशीर होऊन राहिला तुला."

तिनं हात तसाच ठेवला. "वाढू द्या वाढायच्या तेवढ्या," ती म्हणाली. "मला आता कुठं जायचं न्हाई."