आबांच्या तीन गोळ्या

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, तळपायात बाभळीचा काटा दोन दिवस होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. कपाशीतून हिंडून आले, ओट्यावर पाय धुतले, तेव्हा पाण्यात रक्त दिसलं ते आईला. मी धुळ्याला देवपुरात शिक्षिका होते. रविवारी धरणगावजवळच्या आमच्या गावी गेले तर पाय चांगलाच सुजलेला. आबांना साखरेचं दुखणं जुनंच. पायांची आग होते म्हणायचे. आम्ही उन्हावर ढकलायचो.

दुसऱ्याच दिवशी त्यांना एस.टी.नं धुळ्याला आणलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, मग डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावला. "कळतंय का?" आबा अजून कापूस लागायची वाटच पाहत होते. घोट्याजवळची नाडीही डॉक्टरांना लवकर सापडेना.

"नसा बधिर झाल्यात आणि रक्तही नीट पोचत नाही," डॉक्टर म्हणाले. "साखरेची, नसांची आणि रक्त पातळ ठेवायची, तिन्ही औषधं एकाच वेळी चालतील. एकही सोडायचं नाही."

पायरी उतरतानाच आबा म्हणाले, "एक पायले तीन गोया कसाले?"

ते गावी परतले आणि माझं वर्गात लक्ष लागेना. फळ्याकडे वळले की तेच मनात: आज घेतल्या असतील का? गावातल्या एकुलत्या फोनवर निरोप ठेवायचे. "घेतल्या," एवढंच उत्तर यायचं. शेवटी न सांगताच गेले. कोठीमागे दोन पाकिटं जशीच्या तशी. फक्त नसांच्या गोळ्या संपल्या होत्या.

"आग थांबनी ना, मंग?" आबा म्हणाले.

मी पट्टी सोडली. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं.

ते काढावं लागलं. ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बसूच शकले नाही, जिन्यानं वर-खाली करत राहिले. पाय वाचला.

पुढे दोन महिने आबा माझ्याकडे राहिले. मी तळहातावर गोळ्या ठेवून समोर उभी राहायचे.

"तू पोलीस शे का?" ते चिडले.

"हो," मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. त्यांनी तिन्ही गोळ्या गिळल्या. मग हळूच विचारलं, "यातली कोनती कसानी शे, सांग." मी पाकिटं पुढ्यात ठेवून एकेक सांगितलं: ही साखरेची, ही नसांची, ही रक्ताची.

बधिरपणा गेला नाही. पण नंतरची नऊ वर्षं आबा बूट घालून, जरा लंगडत, रोज शेतात गेले.