मेलेल्यांचे वकील

मेलेल्या माणसांची एवढ्या तळमळीने बाजू घेणारा गृहस्थ अख्ख्या एडमंटनमध्ये दुसरा झाला नसेल. आमच्या मागच्या गल्लीतले हे काका युनिव्हर्सिटीत मध्ययुगाचा इतिहास शिकवत, आणि रिटायर झाल्यावर तोच आम्हाला शिकवू लागले. बारशाला बोलवा, पाळण्याशी उभे राहून कुठल्या राजाने शेजारच्या राज्यातून कुठल्या संताची कवटी पळवली ते सांगणार. एकदा उणे तीस डिग्रीत मी ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसत होतो, तर मला अर्धा तास थांबवून ऐकवलं, "अरे, जन्मभर बदकांना दाणे घालणारा साधा माणूस! मेल्यावर राजाने त्याच्या थडग्यावरचं कापड काठीला बांधलं आणि नेलं लढाईला. पलीकडच्या राजाने आपल्या संताचं हाड चांदीच्या पेटीतून आणलं. पोरं मेली दोन्हीकडची. राजांना संत मेलेलाच आवडतो, तो नाही म्हणत नाही ना!" माझी बोटं बधिर झाली होती, काकांना मात्र अशा वेळी थंडी वाजत नसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा कॅनडाच्या सैन्यात होता. तो अफगाणिस्तानात मारला गेला आणि काकांचं बोलणंच थांबलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सैन्याला पाठिंबा म्हणून शहरात मोर्चा निघायचा होता. कॅलगरीच्या मराठी मंडळाने तिकडच्या मोर्चात मोठा फलक नेल्याचं कानावर आलेलं. मग आम्ही मागे कसे राहणार? आमच्या मंडळाचा सेक्रेटरी मी. मुलाच्या फोटोखाली 'आपला हुतात्मा' असं छापून दहा फुटी बॅनर मीच करवून घेतला आणि नंतर परवानगी मागायला गेलो. आधी कळस, मग पाया!

काकूंनी बॅनरवरच्या फोटोवरून हात फिरवला. "ने रे. चार लोकं नाव तरी घेतील त्याचं." आणि कित्येक महिन्यांनी त्या आपणहून चहा करायला उठल्या.

काका मला बेसमेंटमध्ये घेऊन गेले. "शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, 'बाबा, आय डोन्ट वॉन्ट टू गो बॅक आउट देअर.' हिला मी सांगितलेलं नाही."

"काका, बॅनर कॅन्सल करतो."

वरून कपबश्यांचा आवाज येत होता. काकांनी जिन्याकडे कान दिला. "नको," म्हणाले. "पण एक काठी मी धरणार."

मोर्चाच्या दिवशी बर्फ भुरभुरत होतं. काका मान खाली घालून चालले, एकही घोषणा दिली नाही. दुसरी काठी माझ्या हातात होती आणि मला माझीच लाज वाटत होती.

काकांना जाऊन आता तीन वर्षं झाली. काकू दुकानात भेटल्या की अजून म्हणतात, "किती माणसं होती रे त्या दिवशी! यांनी शेवटपर्यंत काठी सोडली नाही. केवढा अभिमान होता त्यांना!"

मी हो म्हणतो आणि त्यांची ग्रोसरी गाडीत ठेवून देतो.