मांडीवरची बॅग

मुळशीहून आलेल्या बसमध्ये मी पिरंगुटला चढलो. शेजारच्या म्हाताऱ्या धनगरानं विचारलं, "विमानतळाला कुटं उतरायचं?"

मीही तिकडेच निघालो होतो. एका पाठपिशवीत चार दिवस भागवायची मला भारी घमेंड. त्याच्या मांडीवरची बॅग त्याहून हलकी दिसली.

"बाबा, एवढंच सामान?"

त्यानं चेन उघडली. आत फक्त घडी घातलेलं घोंगडं.

"पोरगं दिल्लीला कामाला व्हतं. गेलं. संगतीच्यांनी तितंच अग्नी दिला. अस्थी आणाय चाललोय. थंडी लई वाजायची त्याला."

चेन लावून त्यानं बॅगेवर हात ठेवला.

"येताना विमानात ही मांडीवर घिऊन बसू देत्यात न्हवं?"

बॅग डोक्यावरच्या कप्प्यात ठेवावी लागते, नाहीतर पायाशी.

"देतात," मी म्हणालो.