आधी कुत्रा परत आणा

चेतना खंडारे घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. राहायला विक्रोळीत, कन्नमवार नगरला. पेशंट मात्र घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत पसरलेले. ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा पायावर उभं करायचं हे तिचं काम, आणि त्यात ती कुणाचे लाड करत नाही. दुखणारच, पण पाय वर, असं म्हणते आणि पेशंट रडवेला झाला तरी ऐकत नाही.

दिंडोशीच्या गंधालीकाकू तिच्या अशाच एक पेशंट. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. घरात त्या, दिवसभर सोबतीला शकुमावशी आणि मुलगा देवव्रत. तो मरोळला नोकरीला, सकाळी गेला की उशिरा परतायचा. शिवाय शेरा. काळाभोर रॉटवायलर, देवव्रतने हौसेने आणलेला. पिल्लू होता तोवर काकूच त्याला खाली फिरवायच्या. मग तो वाढला आणि त्याची ताकद काकूंना आवरेना. एकदा मांजर दिसताच त्याने झेप घेतली, काकू पट्ट्यासकट फरफटल्या आणि खुबा मोडला. तेव्हापासून शेराला कुणी फिरवलंच नाही. दिवसभर गॅलरीत बंद, काचेला नाक लावून बसलेला, नाहीतर भुंकत. चेतनाने काळजीने विचारलं तेव्हा देवव्रत हसून म्हणाला होता, तो फक्त दिसायला तसा आहे, करत काही नाही.

एके दिवशी शकुमावशीने कपडे वाळत घालायला गॅलरीचं दार उघडलं. चेतना काकूंचा पाय उचलत होती. काकू कळवळून ओरडल्या, आणि त्यांना कुणी तरी दुखवतंय असं शेराला वाटलं असावं. काही कळायच्या आत चेतनाचा उजवा हात कोपराखाली त्याच्या जबड्यात होता. तो गुरगुरतही नव्हता, नुसता सोडत नव्हता. शकुमावशीने कपड्यांची बादली त्याच्या तोंडावर रिकामी केली तेव्हा कुठे तो मागे हटला.

हॉस्पिटलात टाके पडले, रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली. बोटं हलवणाऱ्या एका नसेला इजा झाली होती. हात पूर्वीसारखा होईल का, यावर डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं नाही. चेतनाचं सगळं पोट त्या हातावर होतं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, तो आजारी पडला तर लगेच कळवा, असंही त्यांनी बजावलं.

चेतनाचा नवरा विशाल संतापला होता. असली जातच पाळायला बंदी हवी, तो म्हणाला. हाताची जखम ओली असतानाच चेतना पोलीस चौकीत गेली आणि तक्रार देऊन आली.

दोन दिवसांनी देवव्रत फळांची पिशवी घेऊन विक्रोळीला आला. हॉस्पिटलचा खर्च देतो म्हणाला, माफी मागितली. मग सांगितलं की शेराचा प्रश्न आता मिटलाय, त्याला शहराबाहेर एका फार्महाउसवर देऊन टाकलंय. तेव्हा तक्रार मागे घेता येईल का, असं त्याचं म्हणणं.

"कुठलं फार्महाउस?" चेतनाने विचारलं.

तो अडखळला. चेतनाने फोन नंबर मागितला, तोही नव्हता. रेबीजची लस कधी दिली होती, यावर तो खाली बघायला लागला; यंदाची राहून गेली होती. शेवटी खरं बाहेर आलं. पोलीस घरी येतील या भीतीने त्याने शेराला गाडीत घातलं आणि आरेच्या जंगलात आतल्या रस्त्यावर, एका पाड्याजवळ सोडून दिलं.

विशाल ताडकन उठला. चेतनाने त्याला डाव्या हाताने खाली बसवलं.

"तक्रारीचं नंतर बघू," ती देवव्रतला म्हणाली. "आधी कुत्रा परत आणा. चला, मी येते."

विशालने खूप समजावलं. तू कशाला, पोलिसांना सांगू, तुझा हात गळ्यात बांधलाय. चेतना म्हणाली की कुत्रा धड आहे की आजारी, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय, आणि तिथे पोरं खेळत असतील. मग तिघंही निघाले.

पाड्यावर मुलं नव्हती. दारं बंद होती. शेराने एक बकरी धरली होती, आणि लोकांनी मिळून त्याला भाऊरावांच्या रिकाम्या गोठ्यात कोंडलं होतं. भाऊराव म्हणजे पाड्यातले म्हातारे गृहस्थ. कुत्रा कुणाचा हे कळल्यावर ते देवव्रतसमोर येऊन उभे राहिले.

"इथं माणसं राहतात, हे तुम्हाला दिसलं नाही का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

देवव्रत गोठ्यापाशी गेला आणि तिथेच थबकला. आतून शेरा भुंकला तसा तो दोन पावलं मागे आला. तेव्हा चेतनाला कळलं, हा स्वतःच्या कुत्र्याला घाबरतोय. आणलं त्याने, पण हाताळलं कधीच नव्हतं. शेरा गाडीत चढला होता तोही बिस्किटाच्या आशेने.

चेतना मात्र जागची हलली नाही. घाई नाही, आम्ही थांबतो, पण आत तुम्हालाच जावं लागेल, असं तिने त्याला सांगितलं. देवव्रत दाराबाहेर मातीत बसला आणि फटीतून शेराशी बोलत राहिला. बराच वेळ गेला. भुंकणं कमी झालं. मग त्याने दार किलकिलं केलं, पट्टा अडकवला आणि शेराला बाहेर आणलं. शेरा मातीने माखला होता, पण आजारी दिसत नव्हता. भाऊरावांच्या बकरीची भरपाई देवव्रतने तिथेच कबूल केली. शेरा घरी परतला आणि दहा दिवस उलटले तरी ठणठणीत राहिला.

तक्रार चेतनाने मागे घेतली नाही. गंधालीकाकूंनी रडत फोन केला, तरी नाही. प्रकरण कोर्टात गेलं, देवव्रतने चूक कबूल करून दंड भरला. मधल्या काळात देवव्रतच्या सोसायटीने मोठ्या कुत्र्यांवर बंदी घालायला सभा बोलावली आणि चेतनाला मुद्दाम बोलावलं. तिने जखमेचे व्रण दाखवावेत एवढीच त्यांची अपेक्षा होती.

तिने बाही वर केली. म्हणाली, "एखादं छोटं कुत्रं चावलं असतं तर मी पट्टी लावून पुढच्या पेशंटकडे गेले असते. याच्या जबड्यात ताकद आहे, ते खोटं कशाला बोलू? म्हणून तर ज्याला वेळ नाही, त्याने हा पाळूच नये. पण तुम्ही बंदी घातलीत तर हे सगळे कुत्रे कुठल्या तरी पाड्याबाहेर सोडले जातील. ते मी बघून आलेय."

सभेत बराच गोंधळ झाला. शेवटी ठरलं की लस, लायसन्स, बाहेर पडताना तोंडाला जाळी हे सगळं सक्तीचं, आणि कुत्रा ज्याला आवरतो अशा माणसानेच त्याला खाली आणायचं. देवव्रतने ट्रेनर लावला, ऑफिसची वेळ बदलून घेतली.

चेतनाचा हात पुष्कळसा सुधारला, करंगळी मात्र पूर्ण मिटत नाही. आपल्याच हाताचे व्यायाम तिने पेशंटकडून करून घ्यावेत तसे करून घेतले. कामाला लागली, पण कुत्रा दिसला की अजून छातीत धडधडतं, आणि ते ती लपवत नाही.

परवा सकाळी दिंडोशीत एका नव्या पेशंटकडे जाताना समोरून देवव्रत आणि शेरा आले. चेतनाला वळून दुसऱ्या गल्लीने जाता आलं असतं. देवव्रतने तिला पाहिलं, रस्त्याच्या कडेला झाला आणि हळू आवाजात काही म्हणाला. शेरा खाली बसला. चेतना आपल्या चालीने त्यांच्यासमोरून गेली आणि पेशंटच्या बिल्डिंगचा जिना चढली.