डोक्याची डावी बाजू

कामावर निघायच्या घाईत मी कंगवा डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवला आणि हात आपोआप मागे आला. दुखलं म्हणण्यापेक्षा चटका बसला. गरम तव्याला बोट लागावं तसा. आरशात वाकून बघितलं, केस बाजूला करून बघितलं. फोड नाही, लाली नाही, काहीच नाही.

"हेल्मेट," बायको म्हणाली. "दिवसभर एक काढता नि दुसरं घालता. डोक्याला हवा कधी लागणार?"

तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. खरवईच्या घरापासून अंबरनाथच्या एमआयडीसीपर्यंत स्कूटर, म्हणजे एक हेल्मेट. कंपनीच्या गेटपासून आत मशीन शॉपमध्ये दुसरं, पिवळं. मी तिथे सुपरवायझर आहे. दुसऱ्यांना हेल्मेट घाला म्हणून ओरडणारा माणूस मीच. पण त्या दिवशी पिवळं हेल्मेट चढवलं आणि आतला पट्टा डाव्या बाजूला टेकताच डोळ्यांत पाणी आलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कसंबसं निभावलं.

मग घरगुती उपाय सुरू झाले. बायकोने खोबरेल तेल कोमट करून आणलं. तिची बोटं लागली आणि मी ओरडलोच. शाम्पू बदलला. केमिस्टने कोंड्याचं औषध दिलं, त्याने आणखी आग झाली. उशीवर डावीकडे डोकं टेकवता येईना. मधूनच कुणीतरी आतून तार ओढल्यासारखी कळ भुवईपासून टाळूपर्यंत जायची. उजवी बाजू मात्र अगदी ठणठणीत. हेल्मेट काय फक्त डावीकडेच टोचतं? हा प्रश्न मनात आला आणि मी घाबरलो. आमच्या शॉपमधल्या एका फिटरला डोक्यात गाठ निघाली होती. त्याचीही सुरुवात दुखण्यापासूनच झाली होती. मोबाइलवर वाचायला लागलो की प्रत्येक वाट त्या गाठीपाशीच जायची. बायकोला यातलं काही बोललो नाही.

दोन-तीन दिवसांनी दाढी करताना कपाळाच्या डाव्या बाजूला, केसांच्या कडेला, लाल चट्टा दिसला. संध्याकाळपर्यंत त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड उठले. द्राक्षाच्या घडासारखे, एकाला एक चिकटून. बायकोने फोटो काढून माझ्या मोठ्या बहिणीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई दारात. बारवी धरणाच्या बाजूच्या गावातून पहिली रिक्षा धरून आली होती. चपला काढायच्या आधी तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"नागीण हाय," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

ताईचं असं बसणं का, ते मला माहीत होतं. आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं. मी शाळेत असताना बाबांच्या कमरेला नागीण झाली होती. गावातल्या एका म्हाताऱ्याने गेरू लावायला सांगितला होता आणि तो लावायचं काम ताईकडे होतं. एका सकाळी बाबा अंगणात पडले ते उठलेच नाहीत. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, असं सगळा गाव म्हणाला. गेरू आपल्या हातून उशिरा लागला, असं ताईला आजही वाटतं.

तिने पिशवीतून पितळी वाटी काढली. गेरू आणि कसलासा हिरवा पाला घरूनच वाटून आणला होता.

"डोळे मीट."

"ताई, डॉक्टरकडे जाऊ. मग बघू," मी म्हणालो.

"बाबाच्या टायमालाबी असंच मग-मग झाला. ही तुझ्या डोक्याला वेढा घालील, तेव्हा काय करशील?"

बायको मधे येऊन उभी राहिली. ती ताईला कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "वन्सं, डोळ्याच्या इतक्या जवळ आहे. पाल्याचं पाणी डोळ्यात गेलं तर? मी नाही लावू देणार."

वाटी ताईच्या हातातच होती. दोघींपैकी कुणीच मागे सरेना. माझा डावा डोळा सकाळपासून चुरचुरत होता, पापणी जड झाली होती. शेवटी मीच म्हणालो, "ताई, तू आमच्याबरोबर चल. डॉक्टरला तूच विचार. त्यांचं तुला पटलं नाही तर घरी येऊन बोलू."

ती उठली. वाटी मात्र झाकण लावून पिशवीत ठेवली.

उल्हासनगरला त्वचेच्या एका सिंधी डॉक्टरबाई आहेत, बायकोच्या मैत्रिणीने नाव सांगितलं होतं. रिक्षात वारा लागला तरी डोकं पेटायचं, म्हणून बायकोने ओढणीचा आडोसा धरला.

डॉक्टरबाईंनी हातमोजे घालून केस अलगद बाजूला केले. टाळूवरही फोड होते, मला दिसत नव्हते इतकंच.

"बचपन में कांजिण्या झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या," माझ्याऐवजी ताईने सांगितलं.

"तोच विषाणू. बरं झाल्यावर तो जात नाही, नसेच्या मुळाशी झोपून राहतो. आता उठलाय. म्हणून फोड यायच्या आधीच डोकं दुखत होतं. नस आधी सुजते, चामडी नंतर बोलते."

इतके दिवस मनात धरून ठेवलेली ती गाठ तेव्हा सुटली. मी लांब श्वास सोडला. पण ताई पुढे सरकली होती.

"डॉक्टर, हिचा तोंड नि शेपूट भेटला तर?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्याच नाकावर बोट ठेवलं आणि कपाळाच्या मधोमध वर टाळूपर्यंत रेघ ओढली. "ही नस इकडचीच आहे, डाव्या बाजूची. रेघेच्या पलीकडे तिचं काम नाही. म्हणून नागीण एका बाजूलाच राहते. वेढा नाही घालत."

"मंग आमचा बाबा कसा गेला?"

"ते मी नाही सांगू शकत, माँजी. मी त्यांना बघितलं नव्हतं. पण कमरेच्या नागिणीने माणूस असा अचानक जात नाही. दुसरं काही असणार. हार्ट असेल. गेरू लावला, नाही लावला, त्याने फरक पडला नसता."

ताई पदराची कडा बोटाला गुंडाळत राहिली.

डॉक्टरबाई औषधं लिहायला लागल्या आणि थांबल्या. बॅटरी घेऊन पुन्हा माझ्यासमोर आल्या. नाकाच्या शेंड्यावर, डाव्या बाजूला, एक बारीक फोड होता. मला तो साधी पुळी वाटला होता.

"हा कधी आला?"

"सकाळी असेल."

"आणि डोळा?"

"चुरचुरतोय. जरा अंधूकही वाटतंय."

त्यांचा आवाज बदलला. "नाकाच्या टोकाला जाणारी नस डोळ्यातही जाते. गोळी इथेच घ्या, माझ्यासमोर. आणि इथून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घरी जायचं नाही, उद्यावर टाकायचं नाही. मी फोन करते."

सकाळपासून सापाचं भय घेऊन बसलेली ताई आता वेगळ्याच भयाने माझ्याकडे बघत होती. डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. सगळं धूसर झालं. समोरच्या भिंतीवरची अक्षरं विरघळली. उजवा डोळा झाकला की डाव्याला नुसता पांढरा धुरळा. थेंबांमुळे असं होतं, सांगितलं होतं, तरी परत परत झाकून बघत होतो.

"नको बघू सारखा," ताई म्हणाली आणि तिने माझा हात धरून मांडीवर दाबून ठेवला.

आत मशीनला हनुवटी टेकवली. कपाळ पट्टीला लावायचं होतं, तिथेच फोड. दात आवळून धरले. डॉक्टरांनी बराच वेळ निळा उजेड फिरवला.

"सूज आहे," ते म्हणाले. "पण बुबुळावर आत्ताच सुरू झालंय. आज आलात ते बरं केलंत. थेंब सांगतो तसे घाला, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा."

ते पहिले काही दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ताई राहिलीच. रोज सकाळी ती मला खिडकीशी बसवायची आणि कपाळाच्या मधोमध नजर लावून बघायची, रेघ ओलांडली का ते. फोड वाढले, पिकले, खपल्या धरल्या. रेघेच्या पलीकडे एकही गेला नाही. तरी ताई रोज बघायची. वाटीतला गेरू एके दिवशी तिने स्वतःच तुळशीच्या कुंडीत रिकामा केला. डोळा हळूहळू निवळला, तेव्हा ती गावाला गेली.

खपल्या पडल्या म्हणजे संपलं, असं मी धरून चाललो होतो. पण डोकं तसंच. पंख्याचा वारा लागला की आग. शर्ट डोक्यातून काढताना आग. आणि गंमत म्हणजे बोट दाबून ठेवलं तर तिथे बधिर, आपली कातडी नसल्यासारखं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चामडी ठीक झाली, नस नाही झाली. ती खोटी खबर देते आहे. टाइम लगेगा."

नसेच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी झोप यायची, म्हणून स्कूटर बंद. कंपनीत मॅनेजरने सरळ सांगितलं, हेल्मेटशिवाय शॉपमध्ये पाऊल नाही. नियम माझाच, मी काय बोलणार? डॉक्टरांची चिठ्ठी दिली आणि त्यांनी मला काही महिने प्लॅनिंगच्या ऑफिसात बसवलं. तिथल्या एसीचा झोत डोक्यावर यायचा. मी टेबल हलवून घेतलं.

घरी शॉवर सोडून मगाने कोमट पाणी घ्यायला लागलो. वास नसलेला सौम्य शाम्पू, तोही हातावर फेस करून. तेलाची मालिश बंद, केस काळे करणं बंद. कंगव्याऐवजी लहान बाळांचा मऊ ब्रश. उशीला जुन्या सुती साडीचा अभ्रा. रोज थोडा वेळ मऊ कापड त्या बाजूवरून अलगद फिरवायचं, नसेला सवय व्हावी म्हणून. सुरुवातीला दोनदा फिरवलं की बायकोला "पुरे" म्हणायचो. ती थांबायची. थांबणं महत्त्वाचं होतं. कुणी "काही होत नाही" म्हणालं की मला रडायला यायचं.

केस इतके वाढले की ऑफिसात चेष्टा सुरू झाली. शेवटी एका रविवारी न्हाव्याकडे गेलो. मशीन नको, फक्त कात्री, पाण्याचा फवारा नको, असं आधीच सांगितलं. उजवी बाजू त्याने पटापट आटपली. डावीकडे कात्री आली तेव्हा खुर्चीचे हात मी घट्ट धरले होते.

"भाऊ, दुखतंय का?"

"थोडं. चालू दे, पण सावकाश."

कानाच्या वर आल्यावर कळ उठली आणि मी हात वर केला. तो लगेच थांबला. तेवढा भाग तसाच ठेवायला सांगितला. घरी आलो तेव्हा डावीकडचे केस उजवीकडच्यापेक्षा चांगलेच लांब होते. आमची मुलगी पोट धरून हसली, तिने फोटो काढला आणि ताईला पाठवला. ताईचा लगेच फोन आला. आधी डोळ्याचं विचारलं, मग म्हणाली, "न्हाव्याला पैसे नको देऊ, अर्धाच काम केलाय त्यानं."