हस्ते कोण?

काचीगुड्यात आमचं ऑफिस एका टिफिन सेंटरच्या वर होतं. खाली इडल्या वाफवल्या जात आणि वर मी आणि माझा कॉलेजातला तेलुगू मित्र असा एक डेस्कटॉप बांधत होतो, जो कुठल्याच एका कॉम्प्युटरमध्ये नव्हता. ब्राउझर उघडायचा, नाव आणि पासवर्ड टाकायचा, की तुमच्या फायली, कॅलेंडर, निरोप, मालाची नोंद ठेवणारी छोटी ॲप्स, सगळं समोर. तुम्ही काचीगुड्यात बसा नाहीतर कुकटपल्लीत, टेबल तेच, आणि तुमच्या गटातली बाकीची माणसंही त्याच टेबलाशी. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. तेव्हा केबलवाला गच्च्यांवरून वायर ओढत इंटरनेट आणून देत होता, आणि माकडांनी वायर तोडली की आमची कंपनी बंद.

माझे वडील रेल्वेत होते. घरी फोन यावा म्हणून अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघितलेली पिढी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की या कामाला परवानगी कुणाची घेतलीस? आता कुणाची लागतच नाही, असं सांगितलं तर त्यांना ते फारच बेकायदा वाटलं. मला मात्र आपण करतोय ते चालणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. माझ्या नाकावर कायम राग असे, तो लोकांना हे कळायला वेळ लागतोय याचा.

वडिलांच्याच ओळखीने पहिलं गिऱ्हाईक मिळालं. शेतीचे पंप विकणारं अफझलगंजमधलं एक मराठी घर. आजोबांच्या काळात मराठवाड्यात शेती करणारी ही माणसं आता पक्की व्यापारी झाली होती. थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, दुकानाच्या गादीवर. धाकटा त्यांच्या शेजारी. मधला भाऊ गावोगावच्या दुकानदारांकडे फिरतीवर, आणि कुकटपल्लीच्या गोदामात त्या मधल्याची बायको, वहिनी. गोदामात काय आहे हे दुकानाला कळेना आणि दुकानात काय विकलंय हे गोदामाला. आमच्यासाठी यापेक्षा चांगलं घर शोधून सापडलं नसतं. मी सगळ्यांना वेगवेगळं नाव दिलं, वेगवेगळा पासवर्ड दिला, दोन दिवस बसून शिकवलं. वहिनी सगळ्यांत लवकर शिकल्या.

त्या डेस्कटॉपवर एक पान होतं, माझ्या खास अभिमानाचं. गटातल्या कुणी काय काम केलं ते महिन्याच्या शेवटी तिथे एका नजरेत दिसे. दादांना ते दाखवायला मी मोठ्या ऐटीत अफझलगंजला गेले.

पानावर दादांच्या नावापुढे सगळं काम होतं. बाकी तिघांपुढे काहीच नाही. पार कोरं.

दादांनी चष्मा सारखा केला आणि खुशीत हसले. "बघ, मी म्हणत नव्हतो? सगळा गाडा मी एकटाच ओढायलोय. गोदामात कुणी हात हलवत नाही. दिवाळी झाली की कुकटपल्ली बंद करून टाकतो. माल इथंच ठेवू. तुझ्या वहिनीला म्हणावं, घर बघ आता निवांत."

माझ्या पानाने हे केलं होतं. मी तिथून निघाले ती तडक बस पकडून कुकटपल्लीला गेले.

वहिनी पंपांच्या खोक्यांमध्ये टेबल लावून बसल्या होत्या. एका कानाशी फोन, एक हात कीबोर्डवर. निजामाबादच्या कुणा दुकानदाराला त्या अस्खलित तेलुगूत झापत होत्या. फोन संपेपर्यंत मी त्यांच्या स्क्रीनकडे पाहिलं. कोपऱ्यात नाव होतं दादांचं.

"वहिनी, तुम्ही दादांच्या नावाने का शिरता यात? तुम्हाला तुमचं नाव दिलंय ना मी?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच काहीतरी भलतं विचारलं होतं. "दादा असताना आपलं नाव कसं लावायचं गं? दुकानाची पाटी त्यांच्या नावाची, लग्नपत्रिका त्यांच्या नावानं. आमचे हे सुद्धा फिरतीवरून त्यांच्याच नावानं ऑर्डर घालतात. दुकानातला धाकटा तेच करतो. दादांचा पासवर्ड त्यानंच सांगितला आम्हाला."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानात दादा सांगत आणि धाकटा टाइप करी, म्हणून पानावरचं सगळंच आपण सांगितलेलं आहे असं दादांना वाटलं होतं. घरातल्या तिघांनी मान राखला होता आणि त्या मानापायी गोदाम जाणार होतं. मी वहिनींना दादांचा बेत सांगितला. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता तसाच खाली ठेवला.

"घर मी वीस वर्षं बघितलं," त्या म्हणाल्या. "इथं आल्यापास्नं सकाळी उठायला बरं वाटतं मला."

मी भडकलेच. कुठली नोंद कुठल्या कॉम्प्युटरवरून झाली हे आमच्याकडे साठलेलं असतं, उद्याच दादांपुढे टाकते, असं मी म्हणाले. वहिनींनी माझा हात धरला. "नक्को. मोठ्या दिरांना मी खोटं पाडणार नाही, आणि तू पण पाडायचं नाहीस. नाव त्यांचंच राहू दे. आपला नुसता हात."

नुसता हात! मला तिथल्या तिथे वर्गणीच्या पावत्या आठवल्या. वर देणाऱ्या घरच्या कर्त्याचं नाव, आणि खाली एक छोटी ओळ: हस्ते. पैसे ज्याने आणून दिले त्याचं नाव तिथे. त्या ओळीने आजवर कुठल्या कर्त्याचा अपमान झालेला नाही.

ऑफिसात येऊन मी मित्राला सांगितलं, की प्रत्येक नोंदीवर आधी घरच्या कर्त्याचं नाव आणि त्याखाली 'हस्ते' पाहिजे, आणि ती ओळ भरल्याशिवाय नोंद पुढे जाता कामा नये. त्याने कपाळावर हात मारला. "अरे, सिस्टम कायकू बदलना? लोगां को सिखाव ना." मी म्हणाले, "लोक शिकलेलेच आहेत. आपण कच्चे आहोत." आमचं कडाक्याचं भांडण झालं, खालून दोनदा चहा आला, आणि शेवटी त्यानेच ते माझ्यापेक्षा सुबक करून दिलं.

मी पुन्हा कुकटपल्लीला गेले. वर दादांचं नाव ठळक पाहून वहिनींचं समाधान झालं. खालच्या ओळीवर मात्र त्यांची बोटं थांबली.

"इथं कोणतं बी नाव चालतं का?"

"तुमचं असलं म्हणजे झालं."

एरवी झरझर टाइप करणाऱ्या वहिनींनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत एक नाव लिहिलं. मी ते कधी ऐकलं नव्हतं.

"माझंच आहे," त्या म्हणाल्या. "लग्नाआधीचं. इकडं कुणी हाक मारत नाही त्या नावानं." आणि लगेच पुढच्या खोक्याचा नंबर वाचायला लागल्या.

आठवड्याच्या आतच दादांचा फोन आला. "पोरी, तुझ्या त्या मशीनमध्ये काहीतरी गडबड झाली. कोण एक परकी बाई घुसलीय आमच्यात. जिथं बघावं तिथं हस्ते म्हणून तिचंच नाव."

"परकी नाही, दादा. वहिनींचं माहेरचं नाव आहे ते."

आपण केलं ते बरोबरच आहे असं मानून चालणारी मी, हे सांगून टाकल्यावर मात्र मनातून घाबरले. वहिनींच्या हातातलं गोदाम मीच घालवलं की काय, असं वाटलं.

"लग्नात ते बदललं मीच," दादा म्हणाले. "आमचे वडील नव्हते ना तेव्हा. तांदळात नवीन नाव मी सांगितलं तेच लिहिलं. जुनं काय होतं ते ध्यानात पण ठेवलं नाही." मग त्यांनी विचारलं, "हे सगळं काम तिचंय?"

"हौ, दादा. रोजचंच."

"मग गोदाम राहू दे तिच्याकडं," ते म्हणाले. "अन् ऐक. ते नाव काढू नको."